विच्छेदाचा शब्दार्थ : समलिंगी विवाहाची समाप्ती आणि तीन न्यायनिर्णयांची भाषा

न्यायालयांची निकालपत्रे हा भाषेच्या अभ्यासकाचा विषय आहे, असे सहसा मानले जात नाही. निकालातील निर्णय वकिलांच्या उपयोगी पडतो आणि त्यातील गद्य कोणाच्याच उपयोगी पडत नाही, असा एक समज रूढ आहे. तथापि एका शब्दाच्या अर्थावर दोन माणसांचे पुढचे आयुष्य जेथे अवलंबून राहते, तेथे निकालपत्र अर्थमीमांसेच्या कक्षेत आपोआप येते. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड, टेक्सस आणि वायोमिंग या तीन राज्यांत अनुक्रमे २००७, २०१० आणि २०११ या वर्षी दिले गेलेले तीन निकाल या जातीचे आहेत. तिन्हींपुढे प्रश्न एकच होता. ज्या राज्यात दोन स्त्रियांचा अथवा दोन पुरुषांचा विवाह लावता येत नाही, त्या राज्याच्या न्यायालयाला अन्यत्र विधिपूर्वक लागलेला असा विवाह मोडून देता येईल काय? प्रश्न एक असून उत्तरे तीन आली. आणि ती निराळी होण्याचे कारण कायद्याच्या कलमांत जितके आहे तितकेच ती कलमे वाचण्याच्या पद्धतीत आहे. या पद्धतींचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

प्रथम हा प्रश्न उद्भवला कसा, हे पाहावयास हवे. मॅसॅच्युसेट्स राज्यात १७ मे २००४ पासून समलिंगी विवाह कायदेशीरपणे लागू लागले. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ते त्यापूर्वी एक वर्ष सुरू झाले होते. विवाह लावून घेण्यासाठी त्या ठिकाणी दीर्घकाळ राहण्याची अट सामान्यतः नसते. उलट घटस्फोट मागणाऱ्याने त्या राज्यात ठरावीक मुदतीपर्यंत, पुष्कळदा एक वर्ष, वास्तव्य केलेले असावे लागते. पतिपत्नींनी सोयीच्या कायद्याचे राज्य शोधीत हिंडू नये, या उद्देशाने ही अट आली. सामान्य जोडप्याला तिचा जाच होत नाही. त्याचे स्वतःचे राज्य त्याचा विवाह मानते आणि तेथेच त्याला दाद मागता येते. परंतु ज्यांचा विवाह स्वतःच्या राज्यात मानला जात नव्हता, त्यांच्यापुढे दोन्ही दारे बंद होती. जेथे विवाह मान्य होता तेथे ते राहत नव्हते आणि जेथे ते राहत होते तेथे विवाह मान्य नव्हता.

ही अडचण विवाहापुरतीच नव्हती. व्हरमाँट राज्याने २००० साली समलिंगी जोडप्यांसाठी विवाहाहून वेगळ्या नावाचा नागरी संयोग निर्माण केला. तो मोडण्यासाठी शेजारच्या कनेक्टिकट राज्यात अर्ज झाला, तेव्हा २००२ साली तेथील अपील न्यायालयाने आपल्याला तसा अधिकार नाही असे सांगितले. न मोडलेला बंध पुढे कसा आडवा येतो, हे मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या एका निकालावरून दिसते. व्हरमाँटमधील संयोग विधिवत् संपविल्यावाचून केलेला नंतरचा विवाह बहुपत्नीत्वाच्या निषेधाखाली येतो आणि म्हणून रद्दबातल ठरतो, असा तो निर्णय आहे. ज्या बंधाची समाप्ती एका राज्यात अशक्य होती, तोच दुसऱ्या राज्यात नव्या विवाहाला बाधक ठरत होता. पुनर्विवाह, मालमत्तेची वाटणी, पोटगी, अपत्यांचा ताबा या सर्व गोष्टी त्यात अडकून पडत होत्या.

२

ऱ्होड आयलंडमधील दोन स्त्रियांनी २००४ साली मॅसॅच्युसेट्समध्ये विवाह केला आणि २००६ साली आपल्या राज्याच्या कुटुंब न्यायालयात घटस्फोटासाठी अर्ज केला. कुटुंब न्यायालयाने, अशा अर्जाच्या सुनावणीपुरता हा विवाह मानता येतो काय, असा प्रश्न राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे पाठविला. डिसेंबर २००७ मध्ये पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी नकारार्थी उत्तर दिले. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती विल्यम रॉबिन्सन यांचे आहे.

त्याची युक्तिपरंपरा आखीव आहे. कुटुंब न्यायालय कायद्याने निर्माण झालेले असल्यामुळे कायद्याने दिले तेवढेच अधिकार त्याला आहेत. तो कायदा १९६१ चा. त्यात घटस्फोटाचे अर्ज ऐकण्याचा अधिकार आहे. पण घटस्फोट विवाहाचा होतो. तेव्हा १९६१ मध्ये विधिमंडळाला 'विवाह' या शब्दाने काय अभिप्रेत होते, हे ठरविले पाहिजे. ते ठरविण्यासाठी न्यायालयाने त्या काळचे शब्दकोश पाहिले. त्यांत विवाह म्हणजे स्त्रीपुरुषांचे मीलन असा अर्थ आढळला आणि तेथे प्रश्न संपला. या निर्णयाने संबंधितांना खरोखरीच्या हालअपेष्टा सोसाव्या लागतील, याची जाणीव न्यायालयाने मोकळेपणाने व्यक्त केली. मात्र जेथे अधिकार नाही तेथे दादही देता येत नाही, असे सांगून ते थांबले.

या भूमिकेत एक प्रामाणिकपणा आहे, हे मान्य करावयास हवे. कायदा करणे हे विधिमंडळाचे काम असून न्यायाधीशाने आपली मते कायद्याच्या तोंडी घालू नयेत, हा संयम कोणत्याही लोकशाहीत मोलाचाच मानला जाईल. आक्षेप संयमावर नसून साधनावर आहे. शब्दकोश हा प्रचाराची नोंद ठेवतो. तो प्रचाराला आज्ञा देत नाही. १९६१ च्या कोशकाराने विवाहाचा जो अर्थ दिला तो त्या वेळी आढळणाऱ्या विवाहांचे वर्णन होता. दोन स्त्रियांचा विवाह हा विवाह नव्हे, असा निर्णय देण्याचा प्रसंग त्याच्यावर आलेलाच नव्हता. ज्या प्रश्नाची कोशकाराला कल्पनाही नव्हती, त्याचे उत्तर त्याच्या मौनातून काढणे ही कोशाच्या स्वरूपाविषयीची चूक आहे. मोल्सवर्थच्या कोशात एखादा अर्थ नाही एवढ्यावरून तो अर्थ मराठीत अशक्य आहे, असे मराठीचा कोणताही अभ्यासक म्हणणार नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा भिन्नमताच्या निकालपत्रात आहे. न्यायमूर्ती पॉल सटेल यांनी लिहिलेल्या आणि न्यायमूर्ती मॉरीन गोल्डबर्ग यांनी मान्य केलेल्या या निकालपत्राची भूमिका अशी की, विवाह जेथे लागला तेथे तो वैध असेल, तर त्याच्या समाप्तीचा अर्ज ऐकण्यास कुटुंब न्यायालय समर्थ आहे. येथे लक्ष विवाहाच्या व्याख्येवरून अर्जाच्या प्रयोजनावर सरकते. अर्जदार राज्याकडे विवाह मागत नाहीत. आधीच असलेल्या विवाहातून सुटका मागत आहेत. बहुमताने वाक्यातील एक पद घेऊन त्याचा अर्थ लावला, तर भिन्नमताने संपूर्ण वाक्य वाचले. आपल्या मीमांसकांनी तात्पर्यनिर्णयाची जी सहा लिंगे सांगितली, त्यांत उपक्रमोपसंहारांची एकवाक्यता पहिली असून फल हेही एक लिंग आहे. आरंभ व शेवट एकमेकांशी जुळले पाहिजेत आणि वाक्याचे फल काय, हे पाहिले पाहिजे. घटस्फोटाच्या कायद्याचे फल म्हणजे संपलेल्या सहजीवनाची व्यवस्थित आवराआवर. ते फल ज्या वाचनाने साधतच नाही, त्या वाचनात तात्पर्य निसटले आहे, असे म्हणावे लागते.

३

टेक्ससची परिस्थिती निराळी होती. तेथे कायद्याच्या मौनाचा प्रश्न नव्हता. २००३ च्या कायद्याने समलिंगी विवाह रद्दबातल ठरविला होता, आणि अशा विवाहातून निर्माण होणाऱ्या कोणत्याही हक्काला वा जबाबदारीला राज्याने परिणाम देऊ नये, असेही बजावले होते. २००५ मध्ये राज्यघटनेत तशी दुरुस्ती झाली. मॅसॅच्युसेट्समध्ये २००६ साली विवाहबद्ध झालेल्या दोन पुरुषांपैकी एकाने २००९ मध्ये डॅलस येथे घटस्फोट मागितला. खालच्या न्यायालयाने हे निर्बंध संघराज्याच्या घटनेशी विसंगत ठरविले; परंतु ३१ ऑगस्ट २०१० रोजी अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. घटस्फोट देणे म्हणजेच विवाहाला परिणाम देणे होय, असे त्याचे म्हणणे. मात्र अर्जदाराला एक वाट दाखविण्यात आली. त्याने घटस्फोटाऐवजी विवाह रद्दबातल असल्याचे घोषित करून मागावे.

वरवर पाहता हा शब्दांचा खेळ वाटेल. शेवटी दोघे मोकळेच होणार. मग कागदावर 'घटस्फोट' लिहिले काय आणि 'रद्दबातल' लिहिले काय, असे कोणी विचारील. परंतु या दोन शब्दांत काळाचा फरक आहे. घटस्फोट म्हणतो की एक नाते होते आणि अमुक दिवशी ते संपले. रद्दबातलपणाची घोषणा म्हणते की ते कधी नव्हतेच. पहिला शब्द भविष्याला हात घालतो, दुसरा भूतकाळाला. विवाहाच्या वर्षांत मिळविलेल्या संपत्तीवर विवाहाच्या नात्याने जो वाटा मागता येतो, त्याचा आधार दुसऱ्या शब्दाने निघून जातो. शिवाय मॅसॅच्युसेट्सच्या दृष्टीने तो विवाह वैधच होता. टेक्ससने तो 'नव्हताच' असे म्हटल्याने एकच माणूस एका राज्यात कधीच विवाहित नसलेला आणि दुसऱ्या राज्यात विवाहित, अशा चमत्कारिक स्थितीत येण्याचा संभव होता.

भारतीय वाचकाला या ठिकाणी हिंदू विवाह अधिनियम, १९५५ याची आठवण व्हावी. त्यातही रद्दबातल विवाह आणि घटस्फोट यांसाठी निराळी कलमे आहेत. पण रद्दबातलपणा तर्काच्या टोकापर्यंत नेला तर निरपराध माणसे भरडली जातात, हे भारतीय विधिमंडळाने ओळखले. १९७६ च्या दुरुस्तीनंतर सोळाव्या कलमाने रद्दबातल विवाहातील अपत्ये औरस मानली जातात. रद्दबातल ठरलेल्या विवाहातील पक्षालाही कायम पोटगी मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. कायद्याने 'नव्हते' म्हटले तरी जगलेले आयुष्य उरतेच, याची ही कबुली आहे. डॅलसच्या निकालात ती कबुली नाही. आणि त्याचा तर्क जितका निर्दोष, तितकी ही उणीव अधिक जाणवते.

४

वायोमिंगचे उदाहरण या दोहोंच्या मध्ये उभे आहे. तेथील कायद्यात विवाह हा पुरुष व स्त्री यांच्यामधील करार आहे, असे स्पष्ट शब्द होते. त्याच कायद्यात, अन्यत्र वैधपणे लागलेला विवाह या राज्यात वैध मानावा, असेही कलम होते. कॅनडात २००८ साली विवाह केलेल्या दोन स्त्रियांपैकी एकीने घटस्फोट मागितला. जिल्हा न्यायालयाने अधिकार नाही म्हणून अर्ज फेटाळला. ६ जून २०११ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो पुन्हा चालवावयास सांगितले. न्यायमूर्ती मायकेल गोल्डन यांच्या या निकालपत्राचा मध्यवर्ती विचार असा : विवाह निर्माण करणे ही एक गोष्ट आणि झालेला विवाह संपविण्यासाठी मानणे ही दुसरी. विधीशिवाय केवळ सहजीवनाने सिद्ध होणारा विवाह वायोमिंगमध्ये होऊ शकत नाही. तरीही अन्य राज्यात तसा झालेला विवाह वायोमिंग मानत आले आहे. त्याच न्यायाने, घटस्फोटापुरता हा विवाह मानल्याने राज्याच्या विवाहविषयक धोरणाला बाध येत नाही. अर्जदार तेथे पतिपत्नींसारखे राहण्याचा हक्क मागत नाहीत. कायद्याने निर्माण झालेले एक नाते कायद्याने संपवून मागतात.

तीन निकालांत हे वाचन सर्वांत समंजस आहे. कोशातील अर्थाला न झुगारता त्याने कायद्याचे फल पाहिले. तथापि त्याची मर्यादाही नोंदविली पाहिजे. ज्या विवाहाला केवळ मोडण्यासाठी अस्तित्व मिळते, तो विवाह शेवटच्या दिवशीच काय तो दृष्टीस पडतो. हेच जोडपे सुखाने नांदत असते आणि त्यांतील एक आजारी पडली असती, तर दुसरीचे नाते याच तर्काने ओळखले गेले असते काय, या प्रश्नाला निकालपत्र हेतुपुरस्सर बगल देते. भांडणाऱ्यांना जे मिळते ते नांदणाऱ्यांना मिळेलच असे नाही, ही विसंगती त्याच्या पोटात राहून गेली. मेरीलँडच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने मे २०१२ मध्ये, एका राज्याने दुसऱ्या राज्याच्या कृतीला सौजन्याने मान द्यावा या तत्त्वावर, कॅलिफोर्नियात झालेल्या अशा विवाहाचा घटस्फोट मान्य केला. त्या निकालाचा पाया यापेक्षा रुंद होता. २६ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क सर्व राज्यांवर बंधनकारक केला आणि त्या देशापुरता हा पेच संपला.

५

या तीन वाचनांतील भेद समजून घेण्यास मराठी भाषा विशेष साहाय्यकारी आहे. विवाहाच्या समाप्तीला आपल्याकडे निदान तीन जुने शब्द आहेत आणि ते समानार्थी नाहीत. 'काडीमोड' हा पहिला. काही जातींत पंचांसमक्ष काडी मोडून नाते तुटल्याचे जाहीर करीत. मोडण्यासाठी काडी हातात असावी लागते. म्हणजे नाते होते, हे या विधीतच गृहीत आहे. 'फारकत' हा दुसरा. देण्याघेण्यातून मुक्त केल्याचा लेख, हा या शब्दाचा व्यवहारातील अर्थ. कर्ज फिटल्याचीही फारकत होत असे. त्यात हिशेबावर भर आहे. 'घटस्फोट' हा तिसरा. आज हाच कायद्याचा शब्द झाला असला, तरी धर्मशास्त्रात घटस्फोट हा पतिताला बहिष्कृत करण्याचा विधी होता. जिवंत माणसाला मृत मानून त्याच्या नावाने उदकदान करावयाचे, दासीने घडा पायाने लवंडावयाचा आणि त्याच्याशी संभाषणापासून दायापर्यंत सर्व व्यवहार तोडावयाचे, असे मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सांगितले आहे.

या अर्थछटा ध्यानी घेता असे दिसते की, ऱ्होड आयलंड व टेक्सस यांनी अर्जदारांना आजच्या अर्थाचा घटस्फोट नाकारला आणि जुन्या अर्थाचा घटस्फोट त्यांच्या नात्याला दिला. असलेले नाते नसलेले मानले. वायोमिंगने फारकत दिली. हिशेब मिटविण्यापुरते नाते मानले. काडीमोडीत अभिप्रेत असलेली गोष्ट, म्हणजे चारचौघांच्या समक्ष 'होते आणि आता नाही' असे म्हणणे, या तिन्ही निकालांतून पुरतेपणी साधली नाही. घटस्फोट मागणारे बहुधा तीच मागत असतात. संपत्ती व पोटगी यांच्या जोडीला आपण घालविलेली वर्षे खरी होती, एवढी साक्षही त्यांना हवी असते.

विवाहाला मान्यता मिळाल्यानंतरही समाप्तीच्या भाषेत जुना अर्थ कसा टिकून राहतो, याचे उदाहरण इंग्लंडने पुरविले आहे. तेथे २००४ च्या कायद्याने समलिंगी जोडप्यांना नागरी भागीदारी दिली; पण तिच्या समाप्तीच्या कारणांत व्यभिचाराचा समावेश केला नाही. २०१३ च्या कायद्याने विवाह दिला. तेव्हा विवाहितांच्या घटस्फोटाचे हे कारण समलिंगी दांपत्यांनाही लागू झाले, परंतु भिन्नलिंगी व्यक्तीशी केलेले वर्तनच व्यभिचार ठरेल, अशी व्याख्या बरोबर आली. परिणामी पत्नी दुसऱ्या स्त्रीकडे निघून गेली, तर तो कायद्याच्या दृष्टीने व्यभिचार नव्हता. 'असह्य वर्तन' या सदराखाली तो घालावा लागे. विवाह एक झाला, पण विश्वासघात दोन प्रकारचा राहिला. घटस्फोटासाठी दोष सिद्ध करण्याची आवश्यकताच काढून टाकणारा २०२० चा कायदा ६ एप्रिल २०२२ पासून अमलात आला, तेव्हा हा भेद नाहीसा झाला. व्याख्या सुधारून तो गेला नाही. व्याख्येची गरज संपली म्हणून गेला.

६

हा विषय परदेशापुरता नाही. भारतात ६ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी विवाहाचा मूलभूत हक्क नाही असे एकमताने ठरविले आणि नागरी संयोगाची मान्यता तीन विरुद्ध दोन अशा मतांनी नाकारली. पुनर्विलोकनाचे अर्ज जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले. या वादाचा बहुतेक सारा भर विवाह लागण्यावर होता. तथापि अमेरिका, कॅनडा, इंग्लंड येथे विधिपूर्वक विवाह करून स्वदेशी परतणाऱ्यांत भारतीयही असणार आणि त्यांत मराठी भाषकही असणार. त्यांतील एखाद्या जोडप्याचे न पटले, तर कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ यातील 'विवाहातील पक्ष' या शब्दांत ते बसते काय, हा प्रश्न ऱ्होड आयलंडच्या प्रश्नाचे भाषांतर वाटावा इतका सदृश आहे. कॅनडाने २०१३ मध्ये कायदा करून, ज्यांचा तेथे लागलेला विवाह त्यांच्या वास्तव्याच्या देशात मानला जात नाही, त्यांना तेथे न राहताही घटस्फोट मिळण्याची सोय केली. लग्न लावून देणाऱ्याने ते सोडविण्याचीही जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व त्यामागे आहे. परंतु अशी सोय प्रत्येक देशाने केलेली नाही. आणि परक्या देशाच्या सौजन्यावर स्वदेशातील माणसाची सुटका अवलंबून राहणे हे कोणत्याही न्यायव्यवस्थेला भूषणावह म्हणता येणार नाही.

एखाद्या नात्याला कायदा काय समजतो, हे त्या नात्याच्या आरंभापेक्षा शेवटी अधिक स्वच्छ दिसते. आरंभी उत्सव असतो आणि त्यात राज्याची अनुपस्थिती झाकली जाते. शेवटी दोन थकलेली माणसे न्यायालयाच्या दाराशी येतात आणि एकच शब्द मागतात. तो शब्द देण्यासाठी आधीचा शब्द उच्चारावा लागतो, ही या तिन्ही न्यायालयांपुढची खरी अडचण होती. ऱ्होड आयलंडने तो कोशात शोधला, टेक्ससने पुसून टाकला, वायोमिंगने हलक्या आवाजात एकदाच उच्चारला. उपसंहार मागणाऱ्याला उपक्रमच झाला नाही असे सांगणे हे भाषेच्या दृष्टीने सदोष वाचन आहे. आणि ज्याला त्या वाचनाप्रमाणे पुढे जगावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने तो अन्याय आहे.